घोटभर पाहुणचार

‘चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं,’ हे वाक्य कानावर पडलं नाही असा आमच्या मावळात एक दिवस जात नाही. लग्नाची पत्रिका द्यायला जा, पोलिओच्या डोसाची आठवण करायला जा, नाहीतर नुसतं नाव-गाव विचारायला जा. उंबऱ्याशी चपला काढेपर्यंत आत आधण चढलेलं असतं. दूध डेअरीला गेलेलं असलं तर कोरा चहा, साखर संपली असेल तर गुळाचा. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी गावात चहा नव्हताच. आल्यागेल्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. चहा मागाहून आला आणि गूळ-पाण्याच्या पाटावर जाऊन बसला. आता तर चहा विचारला नाही म्हणून सोयरिकीत दुरावा आलेला मी पाहिला आहे!

पण आज लिहायचं आहे ते कॉफीबद्दल. आपली जायफळ-वेलदोडा घातलेली, दुधाळ कॉफी नव्हे. अरबस्तानातली कॉफी, जिला तिकडे ‘गहवा’ म्हणतात.

लोणावळ्यात आमच्याच गल्लीत एक भाभी राहतात. मूळच्या कोकणातल्या, यजमान अठरा वर्षं मस्कतला नोकरीला होते. त्यातली काही वर्षं भाभीही तिथे होत्या. त्यांच्या शोकेसमध्ये पितळेचं एक भांडं आहे. उंच मान, बाकदार चोच, टोकदार झाकण. मी बरेच दिवस ते शोभेचं समजत होते. एका ईदला त्यांनी ते खाली काढलं. त्याला ‘दल्ला’ म्हणतात. संयुक्त अरब अमिरातीच्या एक दिर्‍हमच्या नाण्यावर याच दल्ल्याचं चित्र असतं म्हणे, आणि भाभींनी लगेच कपाटातून नाणं काढून दाखवलंसुद्धा. एखाद्या देशाने नाण्यावर राजाचा मुखवटा न छापता पाहुण्याला कॉफी द्यायचं भांडं छापावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

कॉफी ओतली ती बिनकानाच्या एवढ्याशा पेल्यात. आपल्या देवघरातल्या वाटीपेक्षा जरा मोठा. त्याचं नाव ‘फिंजान’. आपल्या जुन्या मराठीत चिनी मातीच्या छोट्या भांड्याला ‘पिंगाणी’ म्हणत, तो शब्द आणि हा फिंजान एकाच फारसी घरातले. तोही भरला जेमतेम पाव. माझ्या मनात आलंच, एवढीशीच? आपल्याकडे कप काठोकाठ भरला नाही तर बाई हात राखून आहे असं म्हणतील. पण तिकडे नेमकं उलटं आहे. पेला काठोकाठ भरून देणं म्हणजे ‘पी आणि नीघ’ असं सुचवणं! थोडं द्यायचं, पुन्हा विचारायचं, पुन्हा थोडं द्यायचं. पाहुणा जितका वेळ बसेल तितका वेळ यजमान उभा.

रंग कॉफीसारखा नाहीच. बिया अगदी हलक्या भाजलेल्या, त्यामुळे पेल्यात दिसतं ते सोनेरी, पिवळट पाणी. वास आधी वेलदोड्याचा, मग कॉफीचा. साखर मुळीच नाही, दूध नाही. गोडाची भरपाई शेजारच्या बशीतला खजूर करतो. ओमानमध्ये खजुराबरोबर त्यांचा तो प्रसिद्ध हलवाही असतो, आपल्या माहीमच्या हलव्यासारखा पापुद्र्याचा नव्हे, चमच्याने उचलायचा लुसलुशीत.

करून बघायची असेल तर अवघड नाही. इन्स्टंट पावडर चालणार नाही एवढं मात्र खरं. पुण्या-मुंबईत कॉफीच्या बिया भाजून दळून देणारी दुकानं आहेत, तिथे ‘अगदी कमी भाजा आणि जाडसर दळा’ असं सांगायचं. पाऊण लिटर पाण्याला तीन मोठे चमचे पूड, मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळायची. उतरवताना चांगला चमचाभर कुटलेला वेलदोडा, असतील तर चार काड्या केशर, कोणी एखादी लवंगही टाकतं. ढवळायचं नाही. गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ थर्मासमध्ये ओतून ठेवायचं. पहिला घोट काढ्यासारखा लागेल. दुसरा खजुराबरोबर घ्या, मग कळेल.

या घोटभर पेयाभोवती रीतिरिवाजांचं केवढं जाळं विणलेलं आहे! वाढणाऱ्याने दल्ला डाव्या हातात धरायचा, पेला उजव्या हाताने पुढे करायचा, पाहुण्यानेही उजव्यानेच घ्यायचा. सुरुवात मानाच्या किंवा वयाने मोठ्या पाहुण्यापासून. आणि ‘पुरे’ असं तोंडाने म्हणायचं नसतं. रिकामा पेला बोटांत धरून दोन-तीनदा हलवायचा, की समजतं. भाभींच्या यजमानांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या आठवड्यात ओमानी मुकादमाच्या घरी बोलावणं आलं. हे भिडेपोटी पेला पुढे करत राहिले, तो भिडेपोटी ओतत राहिला. सात पेले झाले. रात्रभर टक्क जागे!

बदाऊनी, म्हणजे वाळवंटातल्या टोळ्यांमध्ये, एकेका पेल्याला नाव आहे. पहिला पेला यजमान स्वतः चाखतो, त्यात विषबीष काही नाही याची हमी म्हणून. दुसरा पाहुण्याचा. तिसरा आनंदाचा. चौथ्याचं नाव तलवारीवरून आहे. तो प्यायला की यजमानावर संकट आलं तर पाहुणा त्याच्या बाजूने उभा राहणार, असा अर्थ. वाळवंटात पाणी कुठे, सावली कुठे, शत्रू कुठे याचा नेम नाही, तिथे परक्याच्या तंबूत शिरणं हा जिवावरचा प्रकार. म्हणून पेलाभर कॉफीला अभयदानाचं मोल आलं.

युनेस्कोने २०१५ मध्ये या कॉफीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. सौदी अरेबिया, अमिराती, ओमान आणि कतार या चार देशांच्या नावाने ते झालं, २०२४ मध्ये त्यांत जॉर्डनची भर पडली. ‘औदार्याचं प्रतीक’ असं तिथे कॉफीचं वर्णन आहे.

मला मात्र यातल्या दोन गोष्टी जास्त भिडल्या, आणि त्या आपल्या पुरवणीच्या मैत्रिणींना सांगायलाच हव्यात.

एक म्हणजे, बाहेरच्या बैठकीत, जिला ‘मजलिस’ म्हणतात, कॉफी करणं आणि देणं हे पुरुषाचं काम. जुन्या रीतीत पाहुण्यांदेखत निखाऱ्यावर बिया भाजायच्या, खलबत्त्यात कुटायच्या. त्या कुटण्याच्या ठेक्यावरून शेजाऱ्यांना कळायचं की अमक्याकडे पाहुणे आले, चला. घरचा कर्ता किंवा त्याचा मुलगा उभा राहून वाढतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, उलट तोच त्याचा मान. बायकांची बैठक वेगळी, तिथे बायका एकमेकींना देतात. आपल्याकडे कसं? ‘अगं, पाहुणे आलेत,’ एवढी हाक बाहेरून येते आणि ‘अतिथी’चा सगळा मान स्वयंपाकघरातल्या ओट्याशी येऊन थांबतो. चहा टाकणारी, गाळणारी, ट्रे नेणारी आणि कप विसळणारी एकच. पाहुण्यांशी बोलायला बसलेला मात्र दुसराच! वेगळ्या बैठका मला काही फार पटत नाहीत, बायका पडद्याआड आणि पुरुष दिवाणखान्यात हे काही आदर्श चित्र नाही. पण पाहुणचार पुरुषाच्या हाताला शोभतो, एवढं तरी तिकडून उसनं घ्यायला हरकत नसावी.

दुसरी गोष्ट सोयरिकीची. जॉर्डनमध्ये मुलीला मागणी घालायला मुलाकडची वडीलधारी मंडळी जातात. त्या मंडळाला ‘जाहा’ म्हणतात. मुलीकडचे कॉफी पुढे करतात. मुलाकडचा म्होरक्या पेला घेतो आणि न पिता समोर ठेवून देतो. म्हणजे, आमचं काही मागणं आहे. मग बोलणं होतं. मुलीकडच्यांनी होकार देऊन ‘आता कॉफी घ्या’ म्हटलं की मगच पेला ओठाला लागतो. नुसत्या मागणीलाच नाही, भांडणतंटा मिटवतानाही हीच रीत. पेला खाली ठेवलेला दिसला की यजमानाने विचारलंच पाहिजे, का बाबा, काय हवंय तुला?

आमच्या पोह्यांच्या कार्यक्रमात मुलगी थरथरत्या हाताने ट्रे घेऊन येते आणि सगळे तिच्याकडे बघत चहा पितात. तिकडे पेला अडवून धरणारा तिष्ठत बसतो, होकाराची वाट बघत. (त्या होकारात खुद्द मुलीचं मत किती असतं, हा प्रश्न तिथेही आहेच, इथेही.)

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा पेयात एवढं काय? पण मैत्रिणींनो, पेयांवरून माणसं जोडली जातात तशी तोडलीही जातात. कॉफी पहिल्यांदा प्यायली ती येमेनच्या सूफी फकिरांनी, पंधराव्या शतकात, रात्रीच्या नामस्मरणात झोप येऊ नये म्हणून. पुढे ती मक्केत पोचली, तेव्हा तिथल्या सुभेदाराने १५११ मध्ये तिच्यावर बंदी घातली. कॉफीच्या निमित्ताने लोक एकत्र जमतात, गप्पा मारतात, हे त्याला खुपलं. बंदी टिकली नाही ती गोष्ट वेगळी.

आणि आपल्याकडे? चहाच्या एका पेल्याने सगळं पुणे हादरलं होतं. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. त्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. मिशनच्या लोकांनी शिष्टाचार म्हणून चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हातात धरून खाली ठेवला. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी यांनी मग या सगळ्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात जाहीर होतील अशी व्यवस्था केली. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा! गावभर गहजब झाला. ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्ताचे निवाडे झाले. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं.

रानड्यांच्या प्रायश्चित्ताचा धागा आमच्या लोणावळ्याशी जुळतो. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे लिहून ठेवलं आहे. उन्हाळ्याच्या सुटीत रानडे लोणावळ्याला राहिले होते. ग्रामण्यामुळे मित्रांच्या घरच्या माणसांची कोंडी झाली होती, लेकीबाळींचं येणंजाणं अडलं होतं. त्यांची अडचण सुटावी म्हणून रानडे इथून पुण्याला गेले आणि प्रायश्चित्त घेऊन आले. हायकोर्टात न्यायाधीश होऊ शकेल अशा योग्यतेच्या माणसाला चहासाठी प्रायश्चित्त! ते पुस्तक आलं १९१० मध्ये. आज सुटीला आलेली मंडळी टपरीवर मक्याचं कणीस आणि वाफाळता चहा घेताना धुक्याचे फोटो काढतात. त्या चहावरून याच गावातून एक माणूस प्रायश्चित्ताला गेला होता, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आपण म्हणतो, ते दिवस गेले. कायद्याने गेलेच. आपल्या राज्यघटनेने सतराव्या कलमात अस्पृश्यता नष्ट केली आणि पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, पाणवठे सगळ्यांना खुले असल्याचं स्पष्ट लिहिलं. टपरीवर आता कोणी जात विचारत नाही. पण घरातलं काय? पूर्वी खेड्यात वळचणीला एक कप खोचलेला असायचा. कान तुटलेला. येणाऱ्याने तो स्वतः काढायचा, वरून ओतलेला चहा घ्यायचा, धुऊन पुन्हा खोचून ठेवायचा. तो वळचणीचा कप आता दिसत नाही. त्याच्या जागी काय आलं आहे, ते मला बचत गटांच्या कामात दिसलं.

आंदर मावळातल्या एका गावात गट आहे, अकरा जणींचा. गावाचं नाव सांगत नाही, कारण ते कोणतंही असू शकतं. दर महिन्याला एकेकीच्या घरी बैठक होते, हप्ते गोळा होतात, वही लिहिली जाते आणि जिची पाळी तिचा चहा. गटात दोघी कातकरी वाडीवरच्या आहेत. कातकरी म्हणजे सरकारी कागदावर आदिम जमात. भातलावणीला, वीटभट्टीला, नदीवर मासे-खेकड्यांना जाऊन पोट भरणारी माणसं. हप्ता चुकवण्यात त्या दोघींचं नाव कधी वहीत आलेलं नाही.

पावसाळ्यातली बैठक होती. यजमानीणबाईंनी ट्रे आणला. नक्षीचे नऊ कप आणि शिवाय कागदाचे दोन. कोणी काही बोललं नाही. कपांनी आपापल्या जागा बरोबर शोधल्या. विचारलं असतं तर उत्तर तयारच होतं, ‘अहो, कप कमी पडले.’ कागदी कपाची हीच तर सोय आहे, तो स्वच्छतेच्या नावाखाली सगळं झाकतो. धुवायला नको, वळचणीला नको. फेकला की पुरावाही गेला.

त्या दोघींपैकी धाकटीने कप घेतला आणि बाजूला ठेवला. बैठक संपेपर्यंत तो तसाच. वर साय धरली. माझ्या डोळ्यांसमोर भाभींनी सांगितलेला तो न प्यायलेला फिंजान आला. वही मिटायच्या आधी मी सगळ्यांदेखत विचारलं, ‘चहा राहिला की गं?’ ती म्हणाली, ‘ताई, पुढल्या टायमाला माझ्या घरी ठेवा बैठक. मग पिते.’

तिची पाळी खरं तर दोनदा ओलांडली गेली होती. ‘वाडी लांब पडते’, ‘चिखल असतो’ अशी कारणं. गटाच्या अध्यक्षबाई वयाने मोठ्या, बोलायला फटकळ. त्यांनी एकवार त्या कागदी कपाकडे बघितलं, एकवार ज्यांच्या घरी बैठक होती त्यांच्याकडे, आणि वहीत लिहायला सांगितलं, पुढची बैठक वाडीवर.

भाभींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना एक प्रश्न विचारला. तिकडे घरोघरी आपल्या देशातल्या, श्रीलंकेतल्या, फिलिपीन्समधल्या बायका घरकामाला असतात, औदार्याचं प्रतीक असलेला तो फिंजान त्यांना मिळतो का? भाभी जरा थांबल्या. म्हणाल्या, ‘वहिनी, कुणाकडे मिळतो. कुणाकडे नाही. घर बघून.’ म्हणजे तिथेही आहेच.

वाडीवरच्या बैठकीला मी गेले होते. कारवीच्या कुडाचं घर, शेणाने लख्ख सारवलेलं. तिच्या नवऱ्याने चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ केला होता आणि कोरा चहा उकळत ठेवला होता, गवती चहाची पात घालून. ते मला बघायला बरं वाटलं. घरात स्टीलचे पेले सहाच. त्यामुळे आधी सहा जणींना चहा झाला, मग तेच पेले विसळून उरलेल्यांना. पहिला पेला अध्यक्षबाईंनी घेतला, फुंकर घालत संपवला आणि ‘अजून घोटभर दे’ म्हणून पुन्हा पुढे केला. मग हळूहळू बाकीच्यांचे हात निघाले. धाकटीने सगळ्यांचं झाल्यावर आपला घेतला.

तिघी जणींनी घेतला नाही. उपवास आहे म्हणाल्या. त्या दिवशी बुधवार होता.